गळ्याचा माइक

सौंसरच्या बसस्टँडवर उतरून कुणालाही विचारा, फौजी डब्बेवाला कुठे बसतो. तो हात मोहगावच्या रस्त्याकडे करील. श्रावण सोमकुवर हे नाव मात्र विचारू नका. ते घरच्या लोकांना आणि मतदार यादीला तेवढं माहीत. मी घरच्यांपैकी. श्रावण भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलताईचे, नवरे. त्यांची थट्टा करण्याचा हक्क मला लग्नाच्या मांडवातच मिळाला होता आणि तो मी कधी सोडला नाही. आता मात्र जमत नाही. थट्टा ओठांशी येते आणि परत जाते.

भाऊजींचं काम म्हणजे लष्कराने टाकून दिलेल्या यंत्रांना गायला लावायचं. तरुणपणी ते कामठीला एका भंगारवाल्याकडे होते. छावणीच्या लिलावातले जुने वायरलेस सेट, हँडल फिरवायचे टेलिफोन, रणगाड्यातले हेडफोन तिथे पोत्यांनी यायचे. ते फोडायचे, तांबं वेगळं करायचं, लोखंड वेगळं करायचं, एवढंच काम. बाकीचे फोडत होते, भाऊजींना फोडवेना. "बाजारातली वस्तू इकाले बनते," ते म्हणायचे, "हे मरू नये म्हणून बनली." त्यांनी मालकाकडून एक सेट मागून घेतला, त्यातला ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याचा सांगाडा ठेवून त्याचा अँप्लिफायर केला. एका लग्नात तो बैलबंडीवरून खाली पडला आणि पडल्यावरही वाजत राहिला. तिथून पुढे सगळ्या तालुक्यात 'फौजी डब्बा' हेच नाव पडलं.

डब्ब्याचा हिरवा रंग ते कधी काढत नसत, त्यावरचे पांढरे आकडेही पुसत नसत. कुणी म्हटलं की नवा रंग मारा, तर म्हणायचे, "गोंदण हाय ते त्याचं. गोंदण पुसते का कोणी?" अलीकडे नागपूरचे तरुण लोक यायला लागले होते. त्यांना खंदकातल्या टेलिफोनात ब्लूटूथ बसवून हवं असे, दिवाणखान्यात ठेवायला. भाऊजी तेही करून द्यायचे. मोबाइलवरचं गाणं त्या जुन्या खोक्यातून निघालं की स्वतःच पोट धरून हसायचे.

त्यांची एक खोड होती, तिच्यासाठीच हे सगळं सांगतो आहे. साउंडवाले लोक सहसा डब्ब्याजवळ खुर्ची टाकून बसतात. भाऊजी जाऊन बसायचे भोंग्याच्या तोंडाशी. डब्ब्यापाशी बसणाऱ्याला सगळं चांगलंच वाटतं, आवाज निघतो तिथेच बसावं लागतं, हा त्यांचा नियम. लग्न असो की चौदा एप्रिलची मिरवणूक, भाऊजी भोंग्याला कान लावून. आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, अलीकडून आम्ही, पलीकडून सावरगाववाले, मधे नुसते दगड. तिथेही सूचना द्यायचा माइक भाऊजींचा असला की ते दिवसभर भोंग्याला टेकून. मी म्हणायचो, "भाऊजी, डोकं दगडापासून वाचवता अन् कान भोंग्यात घालता!"

"अरे, कानाच्याच भरवशावर घर चालून राहिलं ना," ते म्हणायचे.

माझं सांगायचं तर मी पांढुर्ण्याच्या स्टँडवर बसचं बुकिंग करतो. छिंदवाडा, सौंसर, नागपूर ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला आहे की घरात पाणी मागितलं तरी शेजारचा दार उघडतो. भाऊजींना माझं बोलणं नेहमीच ऐकू यायचं. त्यामुळे जे घरात सगळ्यांना कळलं होतं, ते मला सगळ्यांत शेवटी कळलं.

कमलताई अंगणवाडी सेविका होती. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता, स्वच्छ होता. एकेक अक्षर धुऊन दोरीवर टाकल्यासारखं. तिचं लग्नही त्या आवाजानेच जमलं. पांढुर्ण्यात जयंतीच्या कार्यक्रमाला ती वंदना म्हणत होती आणि माइक भाऊजींचा होता. अर्ध्यात त्यांनी मुद्दाम बटण बंद केलं. कुणाच्याच लक्षात आलं नाही, मागच्या रांगेतले लोकही बरोबर तीच ओळ मागून म्हणत राहिले. कार्यक्रम संपल्यावर ते आमच्या बाबांना येऊन म्हणाले, "तुमच्या पोरीले माइक नाही लागत." बाबांना वाटलं, पोरगा भांडायला आला. महिन्याभरात त्याच घरून मागणी आली, तेव्हा बोलण्याचा अर्थ कळला.

लग्नानंतर सौंसरच्या विहारात दर रविवारी वंदना कमलताईच म्हणू लागली. एकेक ओळ ती म्हणायची, मागून सगळे म्हणायचे. भाऊजी दाराशी बसून ऐकायचे. तिथे त्यांनी कधी डब्बा लावला नाही. "इथी माह्या धंद्याचं काम नाही," असं कौतुकाने सांगायचे.

मागच्या वर्षीच्या आधीच्या पावसाळ्यात ताईच्या गळ्याला गाठ आली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ वाईट निघाली. ती आवाजाच्या नसेला चिकटलेली होती, आवाज जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आवाज सगळा गेला नाही. पण जो राहिला तो हवेचा होता, कुजबुजल्यासारखा, बारीक. जवळ बसलं आणि पंखा बंद केला की सगळं कळायचं. ती घरात बोलायची, सून करुणाशी गप्पा करायची, नागपूरच्या कंपनीत असलेल्या आपल्या मुलाशी, राहुलशी, फोनवर बोलायची. वंदना मात्र बंद झाली.

भाऊजींना तिचं एक अक्षर ऐकू येईना.

"मोठ्यानं बोल ना, कमल," ते म्हणायचे. ती पुन्हा बोलायची. ते कान पुढे करायचे, कपाळावर आठ्या घालायचे, मग मान हलवून करुणाकडे बघायचे. करुणा सासूचं बोलणं मोठ्याने सांगायची. भाऊजींचा चेहरा पाहवत नसे. त्यांना वाटे, आवाज गेलाच, आपल्या घरातला आवाज संपला. इतर लोकांना तिचं कळतं, ते ओठ पाहून आणि सवयीने कळतं, असा त्यांनी स्वतःचा समज करून घेतला होता.

हिवाळ्यात एकदा मी गेलो होतो. आम्ही दोघं अंगणात बसलो होतो, भाऊजी एका जुन्या मीटरची काच पुसत होते. करुणा मुलाला शाळेतून आणायला गेली होती आणि जाताना, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा, असं त्यांना सांगून गेली होती. आत कुकरने शिटी दिली, मग दुसरी, मग तिसरी. मी वाट पाहत होतो की ते उठतील. चौथी झाली, पाचवी झाली. वरणाचा जळका वास आला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "कुकर खराब झाला वाटते रे. शिटीच नाही देऊन राहिला."

मी उठून गॅस बंद केला. ताई आतल्या खाटेवर पडली होती. माझं तोंड पाहून तिला कळलं, मला कळलं आहे.

"ताई," मी म्हणालो, "तुह्या आवाजात काही खोट नाही. त्यांचे कान गेले हाय."

"हळू बोल," ती म्हणाली. मग मला खाटेवर बसवलं. "माहीत हाय मले. ऑपरेशनच्या आधीपासून माहीत हाय. चिमण्या, फोनची घंटी, लेकरांचं बोलणं, बारीक काहीच नाही ऐकू येत त्यांले. माहा आवाज मोठा होता म्हणून चालून राहिलं होतं."

"मंग सांगत कायले नाही?"

"आवाजाच्या धंद्यातल्या माणसाले बहिरा म्हणलं, तं त्याच्यापाशी राहिलं काय?" तिला धाप लागली. थांबून ती म्हणाली, "माहा आवाज गेला असं समजू दे त्यांले. मी तशीही बिमार हाय. एक खोट अजून माह्याच नावावर राहू दे. तू बोलशील तं माही शपथ हाय तुले."

मला इतका राग आला. तिचा आला, भाऊजींचा आला, त्या भोंग्यांचा आला. पण शपथ घातली होती. मी वरणाचं भांडं घासायला टाकलं आणि बाहेर येऊन बसलो.

त्याच महिन्यात भाऊजींच्या हाती ती टोपी आली. जबलपूरच्या लिलावातल्या मालाचं पोतं होतं, त्यात रणगाड्यातल्या सैनिकाची काळी, आतून गादी भरलेली टोपी. कानांवर हेडफोन, आणि गळ्याभोवती बांधायचा एक पट्टा, त्यावर बटणांसारखे दोन गोल माइक. भाऊजींनी तो पट्टा मला असा दाखवला, जणू पाळण्यातलं बाळ दाखवताहेत.

"गुणवंता, रणगाड्यात केवढा खडखडाट राह्यते! तोंडापुढं माइक धरला तं खडखडाटच जाते. म्हणून हे गळ्याले बांधतात. गळा थरथरते, ते थरथर उचलते हे. समजलं का? कमलच्या गळ्यात आवाज हाय, पण तोंडापर्यंत येऊन नाही राहिला. मी गळ्यातूनच उचलतो."

मी ताईकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, बोलू नको म्हणून.

त्यानंतर त्यांनी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. वैशाखात बुद्धपौर्णिमेला कमल विहारात वंदना म्हणेल आणि आपण ऐकू, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. पट्टा जुना, कडक झालेला, आणि ताईच्या गळ्यावर टाक्यांचा व्रण. त्यांनी पट्ट्याला आतून तिच्या जुन्या सुती लुगड्याची घडी शिवली, स्वतःच्या हाताने, बायकांसारखे बारीक टाके घालून. एका लहान हिरव्या डब्ब्यात नवा अँप्लिफायर बसवला. मग रोज जेवणानंतर ताईला खुर्चीत बसवायचे, पट्टा बांधायचे, आणि तिला अंगणवाडीतल्या मुलांची नावं घ्यायला सांगायचे.

ताई नावं घ्यायची. स्पीकरमधून जे निघायचं ते धान्याच्या कोठीत तोंड घालून कुणी बोलावं तसं. जाड, घुमणारं. आम्हाला अर्धं कळायचं नाही. पण भाऊजींचे कान तेवढंच ऐकू शकत होते ना! जाड आवाज त्यांना ऐकू यायचा. पहिल्यांदा जेव्हा तो आला तेव्हा ते उडालेच. "आला! आला ना, करुणा! कमलचाच हाय!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. आम्ही काय बोलणार? करुणा हो म्हणाली. मीही हो म्हणालो.

पण स आणि श निघेनात, कडा येईनात. इतकं त्यांना कळत होतं, कारण ताईचा जुना आवाज त्यांच्या डोक्यात होता. म्हणून ते बारीक आवाजाचं बटण वाढवत गेले. त्यांना ऐकू येईपर्यंत वाढवत गेले. आमच्या कानांत सुई खुपसल्यासारखं व्हायचं. करुणा पदराने कान झाकायची आणि भाऊजींनी वळून पाहिलं की पदर नीट केल्यासारखं करायची.

"आई, सांगून टाकू का?" एकदा तिने विचारलंच.

"नाही," ताई म्हणाली. "एकदा त्यांले ऐकू दे. पौर्णिमेले घालतो मी हे. मंग नाही घालणार."

पौर्णिमेला मी बुकिंगवर दुसरा माणूस बसवून आलो. संध्याकाळी विहार भरलेला होता. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, लेकरं पुढे. ताईला लोकांनी इतक्या महिन्यांनी पाहिलं, बायका तिच्या हाताला हात लावून जात होत्या. तिने गळ्यावरून पांढरी ओढणी घेतली होती, पट्टा दिसू नये म्हणून. भाऊजींनी स्पीकर भिंतीशी ठेवला, डब्ब्याची बटणं लावली आणि नेहमीसारखे स्पीकरच्या तोंडाशी मांडी घालून बसले. धुतलेला सदरा, केसांना तेल. नवरदेवासारखे दिसत होते. मला थट्टा सुचली होती, ती मी गिळली.

ताईने सुरुवात केली. पहिल्या ओळी जाड, घुमत निघाल्या. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण सावरून घेतलं आणि मागून ओळ म्हटली. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

मग डब्ब्याने शिटी धरली. स्पीकरचा आवाज फिरून गळ्याच्या माइकात शिरला असावा. बारीक, लांब, थांबेचना. एक लेकरू रडायला लागलं, मग सगळीच. लोकांनी कानांवर हात ठेवले. म्हातारी माणसं तोंड वाकडं करून बसली. आणि त्या सगळ्यात भाऊजी, शिटीच्या अगदी तोंडाशी, डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवत बसले होते.

ताई थांबली नाही. तिला सगळं दिसत होतं. आपण तोंड उघडलं की लोक कान झाकतात, लेकरं रडतात, हे दिसत होतं. अंगणवाडीची बाई ती, तिचा आवाज ऐकून रडणारी लेकरं गप्प व्हायची. पण थांबली असती तर भाऊजींनी विचारलं असतं, का थांबलीस. म्हणून ती म्हणत राहिली. मी डब्ब्याकडे धावलो. कोणतं बटण फिरवायचं, मला काय ठाऊक!

शेवटी केसरबाई ओरडली. विहाराच्या दाराशी बसणारी म्हातारी, मनात काही वाईट नाही बिचारीच्या. "अरे श्रावण, बंद कर ना बाबा ते शिटी! कान फाटून राहिले!"

भाऊजींनी डोळे उघडले. "शिटी? कोणती शिटी?"

त्यांनी सगळीकडे पाहिलं. शंभर माणसं कानांवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी स्पीकरला कान लावला, पुन्हा लोकांकडे पाहिलं. मग हात लांब करून बटण बंद केलं.

एकदम शांत झालं. ताईच्या काही ओळी राहिल्या होत्या. वंदना अर्धी टाकत नाहीत. तिने ओढणीखालून पट्टा सोडला, मांडीवर ठेवला, आणि आपल्या त्या हवेच्या, बारीक आवाजात पुढची ओळ म्हटली. कुणी हललं नाही, लेकरंही नाही. लोकांनी ती ओळ ऐकली आणि मागून म्हटली. तिने पुढची म्हटली, लोकांनी पुढची म्हटली. मागच्या रांगेतल्यांनी म्हटली. दाराशी बसलेल्या केसरबाईने म्हटली.

भाऊजी सगळ्यांत जवळ बसले होते. ते एकदा ताईच्या ओठांकडे पाहत होते आणि एकदा लोकांच्या तोंडांकडे. ओठ हलायचे, आणि सगळा विहार बरोबर तीच ओळ म्हणायचा. तेव्हा त्यांना कळलं. मी समोरच होतो, मला तो चेहरा आता कधी विसरता येणार नाही.

घरी आल्यावर त्यांनी डब्बा कोपऱ्यात ठेवला. मग ताईसमोर जमिनीवर बसले. "तुहा आवाज होता?" त्यांनी विचारलं. ताईने त्यांच्या केसांतून हात फिरवला. त्यांनी करुणाला जवळ बोलावलं. "ऑपरेशन झाल्यापासून हे माह्याशी काय काय बोलली? सगळं सांग मले. जे मी ऐकलं नाही ते सांग."

करुणा रडायला लागली. "बाबा, काय सांगू? चहा झाला म्हणत. ऊन हाय, टोपी घाला म्हणत. राहुलचा फोन आला होता म्हणत."

"अजून?"

"तुम्ही त्या पट्ट्याचं काम करत होते ना, तवा एक दिवस म्हणल्या का, ते राहू द्या अन् माह्यापाशी बसा थोडंसं."

"मंग मी काय केलं?"

काय केलं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी मान खाली घालून सोल्डर लावणं चालू ठेवलं होतं.

मला वाटलं होतं, ते आता डब्ब्यांना हात लावणार नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती टोपी बाहेर काढली. गळ्याचा पट्टा कापून टाकला आणि टोपीतले हेडफोन आणि एक साधा, तोंडापुढे धरायचा माइक त्याच लहान डब्ब्याला जोडायला घेतले. जे यंत्र पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते आता करत होते, स्वतःच्या कानांसाठी. राहुलने नागपूरहून कानाचं मशीन आणून देतो म्हटलं. त्याच्यासाठी तपासणी, माप, सगळं व्हायचं होतं. भाऊजींना तेवढी कळ कुठे? ते ताईजवळच, तिच्या खाटेला लागून बसून काम करू लागले. ती काही बोलली की काम खाली ठेवायचे आणि करुणाला हाक मारायचे, "काय म्हणली पाह्य बरं." या वेळी त्यांनी एकही शब्द जाऊ दिला नाही. पण ताईचं बोलणंच कमी होत चाललं होतं.

गाठ परत आली होती. तिने श्वासाची वाट दाबली. नागपूरला नेलं, आणि श्वास चालावा म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. घरी आणलं तेव्हा श्वास त्या नळीतून येत-जात होता. ओठ हलायचे, पण हवा तोंडापर्यंत पोचतच नव्हती. आता तिचं बोलणं करुणाला ऐकू येईना, मला येईना, कुणालाच येईना. लिहून दाखव म्हणावं तर हातात पेन धरवत नव्हतं.

आणि भाऊजींचं यंत्र तयार झालं.

मी तिथेच होतो. दुपारची वेळ, दार उघडं, उजेड खाटेवर आलेला. त्यांनी ती काळी टोपी घातली, हेडफोन कानांवर बसवले, आणि माइक ताईच्या ओठांशी धरला. "बोल, कमल," ते म्हणाले. "आता बोल. सगळं ऐकतो."

ताईचे ओठ हलले. भाऊजींनी बटण थोडं फिरवलं. ती बोलत राहिली, सावकाश, मधे थांबून, डोळे त्यांच्यावरच. त्यांनी बटण आणखी फिरवलं, मग आणखी, ते शेवटाला जाऊन टेकलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, भाऊजी, आता वाढवायला तिथे काही नाही. माझा आवाज त्यांना नक्की ऐकू गेला असता. मी तोंडावर हात ठेवला.

"हाव," भाऊजी होकार देत म्हणाले.

ताई थबकली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ती पुन्हा बोलू लागली, आता भराभर.

"हाव," ते म्हणाले. "हाव, कमल. करीन. हाव ना." ती बोलत होती आणि ते माना डोलवत होते, एकदा हसलेसुद्धा, तीही हसली. किती वेळ चाललं ते, कोण जाणे. मग तिने त्यांचा हात धरला आणि डोळे मिटले. त्या आठवड्यातच ती गेली.

तिसऱ्या दिवशी लोक येऊन गेल्यावर आम्ही दोघंच ओसरीवर बसलो होतो. मी माझ्या त्या फाटक्या आवाजात विचारलं, विचारायला नको होतं, पण राहवलं नाही, "भाऊजी, त्या दिवशी ताईचं बोलणं ऐकू आलं का खरंच?"

त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"तिचा श्वास ऐकू येत होता," ते म्हणाले. "शब्द एकही नाही आला, गुणवंता. पण ती इतक्या दिवसांची बोलून राहिली होती, मी हाव म्हणत गेलो. तिनं काय मागितलं, अन् मी कायले कायले हाव म्हणलं, आता मले कोण सांगन?"